तीर्थपुरीचा रोटर

माझे सासरे रिटायर झाले आणि त्याच वर्षी आमच्या घरातल्या चांगल्या चालू वस्तू एकेक करून बंद पडायला लागल्या.

जालन्यातल्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्यांनी जन्मभर फिटर म्हणून काम केलं होतं. घरी बसल्यावर हात शिवशिवणारच. मिक्सर जरा जास्त आवाज करतो म्हणून त्यांनी तो उघडला. त्यानंतर तो आवाजच करेना. मोरीतला नळ ठिबकत होता, तो त्यांनी इतका घट्ट केला की तो उघडायला पुन्हा त्यांनाच हाक मारावी लागायची. भिंतीवरच्या घड्याळाला तेल दिलं, तर ते आमच्या सगळ्यांच्या पुढे निघून गेलं. शेवटी सासूबाईंनी शिलाई मशीन पलंगाखाली सरकवलं, वर चादर सोडली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू उद्या तीर्थपुरीला चालली ना? ह्यान्ला बी घेऊन जा. तेवढाच एक दिवस घर सुखात राहील."

मी म्हटलं, "आत्या, मी कामाला चाललेय. तिथं मामा काय करतील?"

"बसतील. हितं काय करून राह्यले?"

आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची पद्धत, म्हणून मीही तसंच म्हणायची. दोन हजार सालानंतरची ती पहिली चार-पाच वर्षं होती. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात नोकरीला होते. बँकांच्या गावोगावच्या शाखा तेव्हा तारेनं शहरातल्या ऑफिसला जोडायचं काम चालू होतं. त्यातली काही कामं आमच्या मालकांकडे यायची आणि त्यांच्याकडून माझ्याकडे. नवऱ्याची पोलादाच्या कारखान्यात पाळी असायची. त्यामुळे बॅग उचलायची, एसटी पकडायची आणि जायचं, ही मला सवय झाली होती. सोबत घेऊन जायची सवय मात्र नव्हती.

मामा सकाळी माझ्याआधी तयार होऊन ओट्यावर उभे होते. धुतलेला पायजमा, टेरिकॉटचा पांढरा सदरा, त्यावर मीच विणलेला लोकरीचा स्वेटर आणि डोक्यावर टोपी. थंडीचे दिवस होते. जालन्याची थंडी कोरडी असते. हात चोळले तरी खरखर वाजतात. माझ्या कामाच्या जागी लोकर नको असते, पण सासरे पहिल्यांदाच सोबत येत होते आणि स्वेटर माझ्याच हातचा होता. काय बोलणार?

एसटीत त्यांनी माझी बॅग मांडीवर घेतली ती उतरेपर्यंत सोडली नाही. अंबडच्या अलीकडे त्यांनी हळूच चेन उघडून आत पाहिलं.

"ही चकचकीत पिशवी कशाची?"

"त्यात मेमरी आहे, मामा."

"कुणाची?"

मामांना ऐकू कमी यायचं. सरकी काढणाऱ्या जिन-मशीनच्या खडखडाटात कान गेलेले. त्यामुळे ते स्वतः बोलायचे तेही आख्ख्या जिनिंगला ऐकू जाईल अशा आवाजात. पुढच्या सीटवरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं. मी त्यांना समजावलं की मशीनला जे लक्षात ठेवायला लागतं, ते ठेवायची जागा या पट्टीत असते. बँकेतल्या मशीनची जागा कमी पडते, म्हणून आज आणखी एक पट्टी आत बसवायची. शिवाय नवीन तार जोडायला एक कार्ड बसवायचं.

कंडक्टर तिकिटं फाडत शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "ताई, एखादी जास्तीची आसंल तर आमच्या डेपो मॅनेजरला बसवा. रजेचा अर्ज दिल्याला त्यांच्या ध्यानातच राहत न्हाई."

मामा खूष. "आन् मशीनचं नाव काय म्हनली?"

"राउटर."

"रोटर?"

"राउटर, मामा."

"तेच की. रोटर." त्यांनी मान डोलावली. मोटारीत जो भाग फिरतो त्याला रोटर म्हणतात, आणि मोटारी तर त्यांनी आयुष्यभर उघडल्या होत्या. आता काळजीचं कारण नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. माझ्या चेहऱ्यावर उलटं दिसत असणार.

तीर्थपुरीला त्या दिवशी बाजार होता. स्टँडवर उतरलो तर रस्त्यावर भाजीची पालं, मोसंबीचे ढीग, बांगडीवाले आणि दोरखंडवाले. त्यातून वाट काढत आम्ही बँकेत पोचलो. मॅनेजर नगरकडून बदलीवर आलेले होते, तरुण आणि घाईत. ते काचेच्या केबिनमधून लगबगीनं बाहेर आले, मला ओलांडून थेट मामांच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि हात जोडले.

"या, या साहेब. वाटच पाहत होतो."

मामांनीही हात जोडले. त्यांना बसायला मॅनेजरची स्वतःची खुर्ची मिळाली. मला बॅग मिळाली.

मी बोलणार होते. पण खरं सांगायचं तर असं माझ्याबरोबर नेहमीच व्हायचं. एकटी गेले तरी लोक माझ्या मागे दाराकडे बघायचे, की साहेब कुठे राहिले. आज मागे खरोखरच कुणीतरी होतं, तर त्यांचा काय दोष? आणि मामा त्या खुर्चीत इतके ताठ बसले होते की मला ते मोडवेना. म्हटलं, बसू दे. माझंही काम शांतपणे होईल.

शाखेतले शिपाई वयस्कर होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे एका लोखंडी रॅकवर तो राउटर होता, व्हीसीआरएवढा काळपट डबा. पुढे दिवे लुकलुकणारे, मागे तारा. मी आधी त्याची सगळी सेटिंग शाखेतल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. कुठली तार कुठे लागते त्याच्या चिठ्ठ्या तारांना चिकटवल्या. मग मॅनेजरांना जाऊन सांगितलं की आता हे बंद करावं लागेल.

त्यांनी मामांकडे पाहिलं. "बंद? साहेब, आज बाजार आहे. चालू ठेवूनच बसवता येणार नाही का?"

मामांना त्यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे, पण प्रश्न विचारल्यासारखं तोंड त्यांना दिसलं. फिटर माणसाचं एक ठरलेलं उत्तर असतं, ते त्यांनी दिलं. "मशीन उघडल्याबिगर काहीच सांगता येत न्हाई."

"बरोबर आहे," मॅनेजर म्हणाले.

मीच मग सांगितलं, "चालू मशीनमध्ये कार्ड घातलं तर कार्डही जाईल आणि मशीनही. मग आजचाच काय, पुढचे चार बाजारही असेच जातील." हे त्यांना पटलं. बाहेर काउंटरवर 'लिंक नाही' असं सांगायला सुरुवात झाली. एका आजोबांनी विचारलं, "कुठं गेली?" चाचांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, "औरंगाबादकू. आती अब्बी." आजोबा बाकावर बसून वाट बघायला लागले.

मी बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढली, मागच्या तारा सोडवल्या, डबा उचलून टेबलावर ठेवला. त्याच्या मागच्या अंगाला अर्थिंगची हिरवी वायर होती, ती तशीच राहू दिली. बॅगेतून मनगटाचा पट्टा काढला. काळा पट्टा असतो, त्याला टेलिफोनच्या वायरीसारखी गुंडाळलेली वायर, आणि वायरीच्या टोकाला चिमटा. पट्टा मनगटाला बांधायचा आणि चिमटा डब्याच्या उघड्या लोखंडाला लावायचा. तो लावतेय तोवर दारात ही गर्दी. मॅनेजर, चाचा, एक कॅशियर आणि सगळ्यात पुढे मामा.

"ये क्या बांध्या बाई? बीपी का मशीन?" चाचांनी विचारलं.

मामांनी ताबडतोब खुलासा केला. "करंट लागू नये म्हनून."

"मामा, मशीन बंद आहे. मला कुठून करंट लागणार?"

"मंग?"

"माझा करंट त्याला लागू नये म्हणून बांधलाय."

मग कॅशियर फसकन हसला. मी सांगत राहिले, की थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, ते आपल्या अंगातलं असतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण या पट्टीवरच्या बारक्या काळ्या तुकड्यांना तेवढ्यानं मरण येतं. ते मेलेलं दिसतही नाही. मशीन नंतर वेड्यासारखं वागायला लागतं, तेव्हा कळतं.

मामांनी ते लक्ष देऊन ऐकलं. मग मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या सासूला सांगतो. म्हनावं सुनंचा करंट लई नाजूक जाग्यावर लागतो."

हसू मलाही आलं. पण त्यांच्या अंगावर टेरिकॉट आणि लोकर, आणि ते त्या टेबलाकडे सरकत चालले होते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही जरा लांब बसा. तुमच्या स्वेटरमध्ये आख्खी वीज भरलीय."

"मी काही हात लावून राह्यलो का?"

"नका लावू. आणि खिशातला लोहचुंबकही टेबलावर ठेवू नका."

तो लोहचुंबक म्हणजे त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला एक जाड गोल तुकडा. कापसात एखादा खिळा, तारेचा तुकडा आला आणि तो जिनमध्ये गेला की ठिणगी पडते. ठिणगी पडली की कापसाची गंजी पेटते. म्हणून जिनिंगमधली जुनी माणसं तो जवळ बाळगायची. नोकरी सुटली तरी मामांनी सोडला नव्हता. खरं तर त्यानं मेमरीच्या पट्टीला काही झालं नसतं. पण मामांनी तो कुठे कुठे लावून पाहिला असता, याचा मला भरवसा नव्हता.

मामा रुसले. "चल बाबा, आपल्याला हितं काम न्हाई," असं चाचांना म्हणून ते पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसले. मॅनेजरही त्यांच्या मागोमाग गेले. काचेतून मला दिसत होतं, मॅनेजर हातवारे करून बोलतायत आणि मामा दर वाक्याला मान हलवतायत. मध्येच चाचांनी सगळ्यांना चहा आणला. माझ्याही टेबलाच्या कडेला कपबशी ठेवली.

चहा मी लांब खिडकीत जाऊन प्यायले. उघड्या मशीनजवळ पाण्याचा थेंबही आणायचा नाही, हा आमच्या मालकांचा दंडकच होता. पण बशी मला उपयोगी वाटली. स्क्रू ठेवायला मी घरून एक स्टीलची वाटी नेत असे, ती त्या दिवशी मामांच्या गडबडीत विसरले होते. मी बशी पुसून कोरडी केली, झाकणाचे स्क्रू काढले आणि त्यात ठेवले. झाकण सरकवून बाजूला केलं. कार्डाच्या जागेवर जी कोरी पट्टी असते, तिचेही स्क्रू काढून त्यातच टाकले.

आत डोकावलं की त्या डब्यात फारसं काही नसतं. हिरवं बोर्ड, एक छोटा पंखा, एका कोपऱ्यात मेमरीची खाच. जुनी पट्टी तिच्या जागी होती आणि शेजारची खाच रिकामी. चकचकीत पिशवीतून नवी पट्टी काढली. ती फक्त कडांना धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. पट्टीला खाली एक बारीक खाप असते आणि खाचेत तसाच एक उंचवटा. ते जुळले तरच ती बसते. जुळवली. दोन्ही अंगठ्यांनी दाबली. मला सुरुवातीच्या दिवसांत मालकांनी एक दाबून तडकलेलं बोर्ड दाखवलं होतं. त्याची किंमत सांगताना ते पाणी प्यायले होते. त्यामुळे माझे अंगठे तिथे नेहमी जरा भीतभीतच चालायचे. टक् असा आवाज आला. मी कार्डाकडे वळले. ते खोबणीतून सरळ आत सरकवायचं, तिरकं होऊ द्यायचं नाही, शेवटी तळव्यानं हलकं लोटायचं, की ते बसल्याचं हाताला कळतं. कळलं.

आता स्क्रू. मी बशीकडे हात नेला. तिथे बशी नव्हती.

टेबलाखाली पाहिलं. खिडकीत पाहिलं. खिडकीतला माझा रिकामा कपही नव्हता. माझ्या लक्षात आलं.

"चाचा! इथली बशी कुणी नेली?"

चाचा दारातून आत आले. "मैंच ले गया. कप-बशी सब हॉटेल कू वापस."

"त्यात स्क्रू होते!"

त्यांचा चेहरा पडला. "मेरेकू क्या मालूम बाई, मैं समझा बडीशेप का कचरा." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाले, "देख्याच नै मैं बराबर."

ते स्क्रू काही कुठल्याही दुकानात मिळण्यातले नव्हते. आटे बारीक. माझ्याजवळ जास्तीचा एकच होता. झाकण न लावता मशीन चालू करायचं नाही आणि कार्ड स्क्रूनं कसल्याशिवाय त्याला तार जोडायची नाही. तारेला कुणाचा धक्का लागला तर कार्ड आतून उपटलं जायचं. मॅनेजर धावत आले. म्हणाले, "नुसतं झाकून, वर रजिस्टर ठेवलं तर?" मी नाही म्हटलं. बाकावरून आजोबांनी विचारलं, "आली का?"

या सगळ्यात मामांना काहीतरी घडलंय एवढं कळलं. मी त्यांच्या कानाजवळ जाऊन सांगितलं. ते उठले, चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बाहेर पडले.

मला उघडं मशीन सोडून जाता येईना. बाजाराची धूळ आत येत होती म्हणून मी झाकण नुसतं वर ठेवलं आणि खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले. हॉटेल समोरच होतं. वर पत्रे, पुढे भट्टी, आणि बाजूला विसळायच्या पाण्याचा मोठा प्लास्टिकचा टब. बाजाराचा दिवस, त्यामुळे टबात कप-बशांचा डोंगर. पाण्याचा रंग चहासारखाच होता, फक्त जरा दाट.

मामांनी स्वेटर काढला. तो काढताना खरोखरच टोपी उडाली आणि उरलेले केस उभे राहिले. मी इथून पाहिलं आणि मला माझंच म्हणणं पटलं. स्वेटर चाचांकडे दिला, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि उकिडवे बसून त्या पाण्यात हात घातला.

हॉटेलवाला भट्टी सोडून पळत आला. "आवं साहेब! तुम्ही कशाला हात घालून राह्यले? इंजिनियर मानसानं असं… उठा, उठा, मी काढतो."

मामांनी मान वर केली. आणि बोलले ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे भाजीवाले, बांगडीवाले आणि बँकेतले सगळे यांना एकदमच ऐकू आलं.

"मी इंजिनियर न्हाई! इंजिनियर आत हाय. माझी सून. मी जिनिंगमधला फिटर. सोबत आल्तो."

बाहेर मामांनी किल्ल्यांचं जुडगं काढलं, त्याला रुमालाचं टोक बांधलं आणि तो लोहचुंबक टबात सोडून सावकाश फिरवायला लागले. आजूबाजूला माणसं जमली. एका बाईनं टोपली खाली ठेवून विचारलं, "काय पडलं? अंगठी का?" चाचा म्हणाले, "नै, रोटर का स्क्रू." पहिल्याच फेरीत एक चमचा, गंजलेलं बाटलीचं झाकण आणि दोन स्क्रू वर आले. लोकांनी चक्क "ओऽऽ" म्हटलं. मग दर खेपेला कुणीतरी मोठ्यानं सांगायचं, काय निघालं ते. एक टाचणी. आणखी एक स्क्रू. सेफ्टी पिन. कुणाचं तरी पाच रुपयांचं नाणं हरवलं होतं, त्या गृहस्थांनी तेही बघायला सांगितलं.

माझ्या मागून मॅनेजरांनी घसा खाकरला. "मॅडम, म्हणजे… तुम्ही?"

"हो."

"मग मी मघापासून लाइनच्या अडचणी सांगत होतो त्या? दुसरा कॉम्प्युटर, जनरेटरचा प्रश्न, माझ्या बदलीचंसुद्धा…"

"मामांना ऐकू कमी येतं," मी म्हटलं.

ते बिचारे केबिनकडे बघत राहिले. मग आत गेले आणि आपली खुर्ची स्वतः उचलून माझ्या टेबलाशी आणून ठेवली. मी उभ्यानंच काम करत होते, खुर्चीचा मला काही उपयोग नव्हता. पण मी बसले. पाच मिनिटं नुसती बसले.

मामा परत आले ते स्वच्छ पाण्यानं धुऊन रुमालात पुसलेले स्क्रू घेऊन. एक सापडला नव्हता. त्याची त्यांना फार चुटपूट. माझ्याकडचा जास्तीचा तिथे चालला. मी एकेक स्क्रू पुन्हा कोरडा केला, खिडकीतल्या उन्हात ठेवला, फुंकर मारून पाहिली. मामा दारातच थांबले, आत पाऊल टाकलं नाही. स्वेटर अजून चाचांच्याच हातात होता.

"मामा, या आत. आता तुमच्यात करंट राहिला नाही."

ते आले, पण हात पाठीमागे बांधून.

झाकण लावलं, डबा रॅकवर नेला, चिठ्ठ्या बघत तारा जोडल्या, वायर भिंतीत घातली आणि बटण दाबलं. पंखा घुरघुरला. मामांनी वाकून पाहिलं. "फिरतंय की! मंग रोटरच हाय."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं पळायला लागली. सुरू होताना मशीन आपली मेमरी मोजून सांगतं. मी बघत होते. आकडा आला. जुनाच.

कार्ड त्याला दिसत होतं, पट्टी दिसत नव्हती. मॅनेजरांच्या चेहऱ्यावर पुन्हा ढग. "खराब निघाली का हो?" मी आठवून पाहिलं. ती पट्टी बसते तेव्हा दोन्ही टोकांचे चिमटे मिटतात. आवाज दोनदा यायला हवा. मला एकदाच ऐकू आला होता, आणि मी माझ्या भित्र्या अंगठ्यांचं ऐकून पुढे गेले होते.

पुन्हा बंद. पुन्हा वायर बाहेर, पट्टा मनगटाला, स्क्रू. या वेळी बशी नाही. मामांनी आपली टोपी काढली, उलटी केली आणि ओंजळीसारखी माझ्यापुढे धरली. झाकण निघालं. डावीकडचा चिमटा मिटलेला होता, उजवीकडचा अर्धवट उघडा. मी अंगठा ठेवला. मामांचे खांदे माझ्याबरोबर पुढे झुकले. मी दाबलं, नेहमीपेक्षा जास्त. टक्.

"आला!" चाचा म्हणाले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून मी मान हलवली. मग त्यांनीही हलवली.

या खेपेला पडद्यावर नवा आकडा आला. दिवे एकेक करून हिरवे झाले. बाहेर काउंटरवर कॅशियरनं "चालू झालं" म्हणून हाळी दिली आणि आजोबा बाकावरून उठले. मॅनेजरांनी आम्हाला मोसंबीची पिशवी दिली. नको नको म्हटलं तरी ऐकेनात. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, टब इतका साफ कधीच झाला न्हवता.

परतीच्या एसटीत मामांनी बॅग माझ्याकडेच राहू दिली. मला वाटलं, दमले असतील. अंबड मागे पडल्यावर म्हणाले, "पोरी, तू सांगितलं का न्हाई त्यान्ला? मी साहेब न्हाई म्हनून?"

"तुम्ही का नाही सांगितलं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "बरं वाटून राह्यलं ना. चाळीस वर्षं जिनिंगमदी, मालकाच्या हापिसात खुर्ची कुनी दिली न्हाई." मग माझ्याकडे वळून, "पन ती खुर्ची तुझी व्हती."

मी मोसंबी सोलून निम्मी त्यांना दिली.

घरी पोचल्यावर त्यांनी आत्यांना सगळी हकीकत सांगितली. चुंबकाचा भाग दोनदा सांगितला. आत्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे भर बाजारात तुम्ही हॉटेलातल्या कपबशा विसळल्या."

"विसळल्या न्हाई. स्क्रू काढले."

"हात पान्यात होता का न्हाई?"

"व्हता."

"घरात लगीन झाल्यापून एक कप उचलला न्हाई, आन् तीर्थपुरीला जाऊन टब घासला." त्या माझ्याकडे वळल्या. "पुढच्या बारीला बी घेऊन जा. तिकडं शिकतील तरी."

पुढच्या महिन्यात कुंभार पिंपळगावच्या शाखेचं काम निघालं. मामा सुती सदरा घालून तयार. स्वेटर घरीच ठेवला होता, कुडकुडत होते, पण ऐकायला तयार नाहीत. बँकेच्या दारात शिरतानाच त्यांनी मोठ्यानं सांगून टाकलं, "ही इंजिनियर. मी सोबत." वाटीही त्यांनीच बॅगेत टाकली होती, आणि मी काम करत होते तोवर ती दोन्ही हातांत धरून उभे राहिले. पट्टी पहिल्याच दाबाला बसली, कार्ड बसलं, मशीन चालू झालं, आकडा बरोबर आला. एकही स्क्रू हरवला नाही. चहा प्यायच्या आत आम्ही मोकळे.

मामांचा चेहरा मात्र उतरलेला. स्टँडवर एसटीची वाट बघताना ते एकदाचे बोललेच, "असल्या कामाला मानूस कशाला लागतो? काहीच झालं न्हाई."